झाड लावलंच कशाला? ख्रिस्ती श्रद्धेतली इच्छा, अवज्ञा आणि तारण

अर्धविराम (धागालेखक)

ख्रिस्ती धर्माबद्दल कुठेही चर्चा निघाली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर आदाम-हव्वेच्या एदेन बागेच्या मधोमध ते झाड लावलंच कशाला? लावलं ते लावलं, वर 'खाऊ नका' म्हणून बजावलं. हा तर सापळाच!

प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. पण चर्चा त्या झाडापाशीच अडकून पडते. ख्रिस्ती विचारात ज्याला खरं वजन आहे ते एका दुसऱ्या बागेत घडतं आणि तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. म्हणून हा धागा.

आधी पहिली बाग. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचून पाहा, जेमतेम दोन पानांचा आहे. त्यात सफरचंद नाही, नुसतं 'फळ' आहे. सैतानाचं नाव नाही, फक्त साप आहे. 'मूळ पाप' (आदामाच्या पापाचा वारसा सगळ्या माणसांना) हा शब्दप्रयोगही नाही. हे सगळं नंतरच्या वाचकांनी आणलं (चुकीचं आणलं असं नाही, पण नंतर आणलं). जे आहे ते फार बारकाईने लिहिलेलं आहे. देवाची आज्ञा होती की सगळ्या झाडांची फळं खुशाल खा, एवढ्या एकाचं नको. साप तीच आज्ञा उलटी करून विचारतो, 'कुठल्याच झाडाचं खाऊ नका असं देव खरंच म्हणाला का?' हव्वा त्याला दुरुस्त करते, पण करताना पदरचं घालते: 'त्याला हातसुद्धा लावू नका.' मूळ आज्ञेत हे नव्हतं. म्हणजे फळ तोडायच्या आधीच देणारा देव मागे पडलाय आणि अडवणारा देव पुढे आलाय. माझ्या मते अवज्ञा इथेच सुरू झाली. फळ हा पुढचा भाग.

मग दोघं लपतात. देव विचारतो, 'तू कुठे आहेस?' सर्वज्ञ देवाने हा प्रश्न का विचारावा? कारण उत्तर देणं हेही स्वातंत्र्याचंच काम आहे. आदामाचं उत्तर तर अफलातून आहे: 'तू जी बाई माझ्या सोबतीला दिलीस, तिने मला दिलं.' एका वाक्यात बायकोवर ढकललं आणि 'तू दिलीस' म्हणून देवावरही. हव्वेने सापावर ढकललं. सापाला कुणी काही विचारतच नाही. 'होय, मी खाल्लं, चुकलं माझं' एवढं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. आणि तरी त्या दोघांना बाहेर काढण्याआधी देव त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रं करतो. शिक्षा आणि काळजी एकाच प्रसंगात. बायबलचा पुढचा सगळा सूर इथून लागतो.

येशूचा प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ही दोन टोकं जोडतो. एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, तसे एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. ते 'आज्ञापालन' कुठे दिसतं? गेथशेमाने बागेत. वधस्तंभाच्या आदल्या रात्री. शिष्य झोपलेत, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतोय असं लूक लिहितो, आणि येशू म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.

इथे 'माझी इच्छा' म्हणून काहीतरी आहे हे लक्षात घ्या. ती मरायला तयार नाही. ती मारून टाकली जात नाही, तिच्यावर जबरदस्ती होत नाही. ती स्वतः वळते. ख्रिस्ती श्रद्धेत तारण (पाप आणि मरणातून सुटका) होतं ते माणसाच्या स्वातंत्र्याला वळसा घालून नाही, एका माणसाच्या स्वतंत्र होकारातून होतं. झाडाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर इथेच मिळेल असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

दोन ओळी

वाचतोय. 'सापाला कुणी काही विचारतच नाही' हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

उलटतपासणी

मांडणी छान, पण प्रश्नाला बगल दिलीत. मी नास्तिक आहे, तेव्हा थोडं रोखठोक बोलतो.

जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये साधा सवाल केला होता. माणूस एखाद्या वेळी स्वखुशीने चांगलं निवडतो, हे तुम्हाला मान्य आहे. मग दर वेळी स्वखुशीनेच चांगलं निवडेल असा माणूस घडवण्यात तार्किक विसंगती कुठे आहे? सर्वशक्तिमान देवाने तसाच का घडवला नाही? 'मग तो यंत्रमानव झाला असता' हे ठरलेलं उत्तर कृपया देऊ नका. तुमच्याच श्रद्धेनुसार स्वर्गात कुणी पाप करत नाही. मग स्वर्गात सगळे यंत्रमानव का? नसतील, तर पाप न करणारं स्वातंत्र्य शक्य आहे. शक्य आहे तर सुरुवातीपासूनच का नाही?

---

तळटीप

उलटतपासणी, मॅकीला अॅल्विन प्लँटिंगाने १९७०च्या दशकात दिलेलं उत्तर थोडक्यात असं: कुठलं जग प्रत्यक्षात येईल हे एकट्या देवाच्या हातात नसतं. स्वतंत्र माणूस दिलेल्या परिस्थितीत काय करेल हे देवाने ठरवलं, तर तो स्वतंत्र राहिला नाही. तेव्हा 'सगळे स्वतंत्र आणि सगळे कायम चांगलेच' असं जग कल्पनेत विसंगत नसलं तरी देवाला ते घडवता येईलच असं नाही. याने देव आहे हे सिद्ध होत नाही. देव आणि दुष्टता एकत्र असणं तर्कात बसू शकतं, एवढंच सिद्ध होतं. खुद्द मॅकीनेही नंतर बराच भाग मान्य केला होता.

स्वर्गाचा मुद्दा मात्र जुना आहे. चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) याला तो चांगलाच ठाऊक होता. त्याने स्वातंत्र्याच्या पायऱ्या केल्या. आदामाला होतं 'पाप न करता राहू शकण्याचं' स्वातंत्र्य, म्हणजे टाळता येईल इतपत. स्वर्गात मिळतं ते 'पाप करताच न येण्याचं' स्वातंत्र्य, आणि तो त्याला वरच्या दर्जाचं मानतो. त्याचा युक्तिवाद असा की देव स्वतः पाप करू शकत नाही, म्हणून देवाला कुणी परतंत्र म्हणतं का?

---

उलटतपासणी

मग वरच्या दर्जाचं होतं तर आधी खालच्या दर्जाचं का दिलं? माझा प्रश्न तिथेच उभा आहे.

---

अर्धविराम (धागालेखक)

उभा आहे, मान्य. इथे मी ऑगस्टीनपेक्षा इरेनेयसकडे जातो. दुसऱ्या शतकातला, लिऑनचा बिशप. त्याच्या मते आदाम आणि हव्वा पूर्ण वाढलेले, परिपूर्ण नव्हते. ती लेकरं होती. देवाला परिपूर्ण माणूस देता आला असता, पण माणसालाच तो पेलला नसता. चांगुलपण आयतं मिळत नाही, ते अंगवळणी पडावं लागतं. म्हणून पतन (आदाम-हव्वेचं ते पाप) हा कोसळलेला इमला नसून वाढीतली मोठी घसरण आहे, आणि ख्रिस्त सगळी मानवी वाटचाल पहिल्यापासून पुन्हा चालून ती सरळ करतो. हव्वेच्या अवज्ञेने पडलेली गाठ मरियेच्या आज्ञाधारकपणाने सुटली, हेही त्याचंच म्हणणं. तिथेही देवदूत निरोप घेऊन येतो आणि एका मुलीच्या 'होय'साठी थांबतो.

याने दुष्टतेचा हिशेब चुकता होतो असं मी म्हणत नाही. एखाद्या मुलाच्या कर्करोगासमोर 'वाढीची प्रक्रिया' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

---

निळी शाई

माझा आक्षेप वेगळा आहे. फळ आदामाने खाल्लं, दोषी मी कशी? बायबलमध्येच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात स्वच्छ म्हटलंय की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. मग 'मूळ पाप' याच्याशी कसं जुळवायचं? तान्ह्या बाळाने काय घोडं मारलंय?

---

तळटीप

निळी शाई, हा प्रश्न पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला विचाराल तर ते म्हणतील: बरोबर, दोष वारशाने येत नाहीच. वारशाने येतं ते मरण, आणि मरणाच्या भयाने वाकडी झालेली प्रवृत्ती. आदामाचा अपराध आदामाचा. आपण जन्मतो ते त्याने बिघडवून ठेवलेल्या जगात.

पाश्चात्त्य परंपरेवर ऑगस्टीनची छाप गडद. त्याच्या मते सगळी मानवजात आदामात सामील होती. तो याच्याही पुढे गेला: बाप्तिस्मा न झालेली बाळं मेली तर त्यांनाही दंड आहे, सौम्य असला तरी. हे पुढे मध्ययुगात पचेना, म्हणून 'लिंबो' नावाची कडेची जागा कल्पिली गेली. कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत. हा बदल व्हायला सोळाशे वर्षं लागली.

बाकी आजच्या कॅथलिक शिकवणुकीत मूळ पाप म्हणजे 'केलेलं' पाप नव्हे, 'लाभलेली' अवस्था. तुम्ही दोषी नाही, पण निरोगीही नाही.

---

पायरीवरची

इतका वेळ नुसतं वाचत होते. मी चर्चमध्येच वाढले. तुम्ही लोक आदामाबद्दल बोलताय, मला पौलाचं रोमकरांस सातव्या अध्यायातलं वाक्य जास्त जवळचं वाटतं: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, करावंसं वाटत नाही असं जे वाईट ते मी करतो.

हे वाचायला कुठल्या बागेत जावं लागत नाही. दारू सोडायची शपथ सकाळी मनापासून घेतलेला माणूस संध्याकाळी कुठे असतो ते बघा. त्याला कुणी बांधून नेलेलं नाही. तो आपल्या पायांनी गेला. आणि तरी 'तो स्वतंत्रपणे गेला' म्हणताना आपली जीभ अडखळते. इच्छा आहे, पण ती आजारी आहे. मला वाटतं 'इच्छास्वातंत्र्य आहे की नाही' या हो-नाहीत प्रश्न बसतच नाही.

---

दोन ओळी

पायरीवरची, +१. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

---

तळटीप

अगदी याच मुद्द्यावर पेलेजियस आणि ऑगस्टीन भांडले. पेलेजियस ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी. तिथल्या ख्रिस्ती लोकांची ढिलाई बघून वैतागला होता. त्याचं म्हणणं, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळता येतेच; 'मी दुबळा आहे' ही सबब आहे. ऐकायला खणखणीत वाटतं. पण मग देवाच्या कृपेला काम काय उरलं? चांगलं उदाहरण आणि पापांची माफी, बस्स. ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने हे नाकारलं. मग ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने ठरवलं की विश्वासाची पहिली सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, पण देव कुणाला पापासाठी आधीच नेमून ठेवतो हे म्हणणं त्याज्य. दोन्ही टोकं कापली आणि मधली जागा मुद्दाम धूसर ठेवली, असं माझं मत.

हजार वर्षांनी पुन्हा तोच खटला. इरास्मस या विद्वानाने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं की माणसाची इच्छा हे ओझ्याचं जनावर आहे, स्वार देव असेल तर ती देवाकडे जाते, सैतान असेल तर सैतानाकडे. स्वार निवडणं तिच्या हाती नाही. गंमत म्हणजे त्याच उत्तरात त्याने इरास्मसचं कौतुकही केलं: बाकीचे पोप आणि क्षमापत्रांवर (पापाच्या शिक्षेत सूट देणारी चर्चची पत्रं) वाद घालत बसले, तू एकट्यानेच नेमकी नस धरलीस.

---

उलटतपासणी

म्हणजे ल्यूथरच्या मते मी अविश्वासू आहे तो स्वाराच्या चुकीने. मग शिक्षा मला का?

आणि फारोचं काय? बायबलच्या निर्गम पुस्तकात इस्राएल लोकांना सोडायला नकार देणाऱ्या फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, मन देवच कठीण करतो आणि वर मन कठीण केलं म्हणून पीडाही देवच पाठवतो. यापेक्षा स्पष्ट उदाहरण कुठलं?

---

अर्धविराम (धागालेखक)

फारोचा मजकूर सावकाश वाचायला हवा. पीडा सुरू होण्याआधीच देव मोशेला सांगून ठेवतो की मी त्याचं मन कठीण करीन. हे तुमच्या बाजूचं. पण प्रत्यक्ष पीडा सुरू झाल्यावर बेडकांच्या पीडेनंतर फारो स्वतःच मन कठीण करतो, गोमाश्यांनंतरही स्वतःच. 'परमेश्वराने कठीण केलं' असं पहिल्यांदा येतं ते गळवांच्या वेळी, म्हणजे सहाव्या पीडेला. सवयीने नकार देणाऱ्याला शेवटी त्याच्या नकाराच्या हवाली केलं जातं, असं वाचणारी जुनी परंपरा आहे. पौल मात्र रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात ही पळवाट घेत नाही. तो सरळ कुंभार आणि मातीचं उदाहरण देतो: घडलेली वस्तू घडवणाऱ्याला 'मला असं का केलंस' विचारेल काय? मला तो अध्याय आजही खडबडीत लागतो. गुळगुळीत करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

---

तळटीप

याच अध्यायावरून प्रॉटेस्टंटांतही फूट पडली. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये लेखी मांडलं की देवाची कृपा नाकारता येते. १६१८–१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने ते फेटाळलं: देवाने निवडलं त्याला कृपा वळवतेच. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये वेगळीच रेघ ओढली होती. इच्छा दुबळी झाली आहे, विझलेली नाही. कृपा आधी येते, पण माणूस तिला साथ देऊ शकतो आणि झिडकारूही शकतो.

आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथेरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: तारण निव्वळ कृपेने, आपल्या कुठल्याही लायकीने नाही. साडेचारशे वर्षांच्या बहिष्कारांनंतर. मेथडिस्ट २००६ मध्ये सामील झाले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण या मुद्द्यावर एकमेकांना पाखंडी म्हणणं थांबलं.

---

निळी शाई

अवांतर वाटेल, पण विचारते. कर्मसिद्धांतात वाढलेल्या माणसाला तारण ही कल्पनाच अवघड जाते. माझं कर्म मी भोगणार, दुसरा कुणी माझ्यासाठी कसा भोगेल? आणि भोगायचंच कशाला? देवाने नुसतं माफ केलं असतं तर? येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्राचा बाप तर कुणाचा बळी मागत नाही. पोरगं दूर असतानाच धावत जाऊन गळ्यात पडतो.

---

तळटीप

निळी शाई, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनीच एकमेकांना विचारलाय. अॅन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास उत्तर दिलं: पापाने देवाच्या सन्मानाची हानी होते, भरपाई माणसाने करायला हवी पण करू शकतो फक्त देव, म्हणून देव-माणूस. त्याच्या नंतरच्या आबेलार्ड या पंडिताला हे रुचलं नाही. क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, हेच तारण, असा त्याचा सूर. त्याआधीचे धर्मपिते मरणावर आणि सैतानावर मिळवलेल्या विजयाची भाषा बोलत. सर्वमान्य अशी एकच उपपत्ती चर्चच्या कुठल्याही जुन्या मतांगिकारात (श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात) नाही. निकीयाच्या मतांगिकारात एवढंच आहे की 'आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी'.

---

अर्धविराम (धागालेखक)

तळटीप यांनी दालन उघडलंच आहे तर माझा मूळ मुद्दा पुन्हा आणतो, कारण त्याच्यासाठी एका माणसाने जीभ गमावली.

सातव्या शतकात बादशहाला साम्राज्यात एकी हवी होती. तोडगा निघाला: ख्रिस्ताला दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव असतील, पण इच्छा एकच, दैवी. वाद मिटतो. मॅक्सिमस नावाच्या म्हाताऱ्या संन्याशाने नकार दिला. त्याचं म्हणणं, ख्रिस्ताला मानवी इच्छाच नव्हती तर गेथशेमानेत 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' कोण म्हणालं? आणि एदेनमध्ये बिघडली ती इच्छाच ना? ख्रिस्ताने तीच धारण केली नसेल तर ती बरी कशी होणार? ६६२ मध्ये त्याचा उजवा हात आणि जीभ कापून त्याला हद्दपार केलं. त्याच वर्षी तो वारला. ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचीच बाजू उचलून धरली.

निळी शाई, 'दुसरा माझ्यासाठी कसा भोगेल' याला माझं उत्तर याच दिशेचं आहे. शिक्षेची अदलाबदल एवढंच तारण असेल तर तुमचा आक्षेप बिनतोड आहे. पण मानवी इच्छा आतून सरळ झाली आणि त्या सरळ झालेल्या आयुष्यात मला सामील होता येतं, असं असेल तर हिशेब भोगण्याचा राहत नाही.

---

पायरीवरची

सामील होणं म्हणजे काय ते सिद्धांतात सांगता येत नाही, म्हणून येशूचा शिष्य पेत्र याचं सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र प्रभूला तीनदा नाकारतो तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो आणि तो शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर येशू तळ्याकाठी भेटतो, तिथेही कोळशाचा विस्तव. आणि तिथे त्याला तीनदा विचारलं जातं, 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' 'नाकारलंस का?' असं नाही विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो. तीन नकार कुणी पुसले नाहीत. त्याच्यासमोर तीन वेळा पुन्हा निवडायची संधी ठेवली.

येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. पैसे परत फेकून आला. पण तो फिरून त्या चेहऱ्यासमोर गेला नाही. फरक पापाच्या आकारात नाही असं मला नेहमी वाटतं.

---

उलटतपासणी

पेत्राचा प्रसंग सुंदर आहे, वाङ्मय म्हणून मला कायम आवडतो. पण यहूदाचं नाव काढलंत म्हणून विचारतो. कुणीतरी धरून देणं तर योजनेतच होतं ना? भाकीत झालेलं. मग त्या बिचाऱ्याला निवड कुठे होती?

---

तळटीप

बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात, मृत्युदंडाची वाट बघत तुरुंगात बसून, यावर लिहिलंय. देव काळाच्या आत बसून पुढचं 'आधी' बघत नाही. त्याला सगळं एकाच वर्तमानात दिसतं. तुम्ही खिडकीत बसलेला माणूस पाहिलात म्हणून तो बसला असं होत नाही. पाहणं हे घडवणं नव्हे.

---

उलटतपासणी

पाहणाऱ्यानेच खिडकी, खोली आणि माणूस घडवला असेल तर? आणि समजा माणूस खरंच स्वतंत्र आहे. तर शेवटपर्यंत 'नाही' म्हणायचा हक्क त्याला आहे की नाही? असेल तर देवाचं प्रेम काही जणांपुढे कायमचं हरतं. नसेल तर स्वातंत्र्याचं एवढं कौतुक कशाला?

---

अर्धविराम (धागालेखक)

या पेचाला दोन्ही उत्तरं देणारे ख्रिस्ती झालेत. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी म्हणायचा की दुष्टतेला अंत आहे, म्हणून अखेरीस सगळेच परततील. त्याला आजही संत मानतात. त्याच्याआधी साधारण हेच म्हणणाऱ्या ओरिगेन या धर्मपंडिताचं नाव ५५३ च्या परिषदेत पाखंड्यांच्या यादीत गेलं. बहुसंख्य चर्चेस म्हणतात की नकाराचा हक्क खरा आहे आणि नरक म्हणजे तो हक्क मान्य केला जाणं. मी स्वतः ग्रेगरीकडे झुकतो, पण 'सगळे नक्की परततील' असं म्हणायची माझी छाती नाही, 'परतावेत' एवढंच म्हणतो.

---

निळी शाई

नरकावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे झाडही राहायचं बाजूला आणि बागही.

---

उलटतपासणी

काढाच. पहिला प्रतिसाद माझा, आणि तो ओरिगेनच्या बाजूने असेल.

---

दोन ओळी

नास्तिक ओरिगेनच्या बाजूने! जागा धरून ठेवतोय.